तिसऱ्या रांगेतून बघितलेली गाडी

गाडीत बसणारी आम्ही सहा माणसं. मी, नवरा, सासूबाई आणि तीन मुलं: थोरली आठ वर्षांची, मधला चार पूर्ण झालेला, धाकटी अजून वर्षाचीही नाही. पाच सीटच्या गाडीत हे गणित बसत नाही, म्हणून मोठी गाडी बघायला लागलो आणि घेतलीही. आता ती चांगली वापरून झाली आहे. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि आमच्या गाडीत जे चांगलं-वाईट आहे ते या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत थोड्याफार फरकाने सापडतं. सहा सीटची, मागे सरकत्या दारांची, एमपीव्ही म्हणतात तसली गाडी आहे, एवढं पुरे.

गाड्यांबद्दल लिहिणारे बहुतेक जण ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितात. पिकअप, स्टिअरिंग, वळणावर गाडी किती झुकते वगैरे. मी गाडी चालवते, पण सगळे मिळून निघालो की स्टिअरिंग नवऱ्याकडे जातं, गुडघ्यामुळे सासूबाई पुढे बसतात, मधल्या रांगेत धाकटे दोघं आपापल्या चाइल्ड सीटमध्ये, आणि मी थोरलीबरोबर सगळ्यात मागे. कुठल्याही मोठ्या गाडीचं खरं रूप तिथून दिसतं.

शोरूममध्ये तिथे बसायची वेळ कुणावर येत नाही. सेल्समन पुढचं दार उघडतो, सनरूफ सरकवतो, पडद्यावर गाणी लावतो. तिसरी रांग दाखवायची झालीच तर मधल्या सीट आधीच पुढे सरकवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागे ऐसपैस वाटतं. मी क्रम उलटा लावून घेतला. आधी नवऱ्याने स्टिअरिंगवर बसून आपल्या उंचीला सीट लावायची, मग बाजूची सीट सासूबाईंना पाय लांब करता येतील एवढी मागे, तिच्यामागे धाकटीची चाइल्ड सीट बसवायची, आणि त्यानंतर जे उरेल त्यात मी जाऊन बसायचं. पुढच्या सीटमागच्या चाइल्ड सीटला लांबी भरपूर लागते, तेवढी मिळवायला मधली सीट मागे ढकलावी लागते आणि ती थेट माझ्या गुडघ्यांवर येते. बऱ्याच गाड्या या एका परीक्षेतच गळल्या. त्यांत दिसायला अगदी दणकट अशा एसयूव्हीही होत्या.

एसयूव्हीवर नवऱ्याचा जीव होता, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. अशा गाड्यांत मागच्या ॲक्सलवरून फरशी चढत जाते आणि तिसऱ्या रांगेची सीट त्या उंचवट्यावर बसवलेली असते. बसायची उशी आणि फरशी यांत अंतर राहत नाही, मग मांड्या उशीवर टेकतच नाहीत, गुडघे हनुवटीकडे येतात. लहान मुलांना चालतं, मोठ्या माणसाला अर्ध्या तासात पाठ कळते. शिवाय चढण उंच. सासूबाईंना फूटबोर्डवर एक पाय ठेवून, खांबाचं हँडल धरून आत शिरावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण उतरल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन येत जा, मी घरीच बरी." तो विषय तिथेच संपला. ज्यांना खरंच कच्च्या रस्त्यावर जायचं असतं त्यांच्यासाठी उंच गाडी ठीक. आम्हाला मुलं शाळेत सोडायची असतात.

सात सीट या शब्दांचा अर्थ प्रत्यक्षात पाच अधिक दोन असा असतो. तिसरी रांग उभी केली की डिकी जवळजवळ संपते. लोकप्रिय गाड्यांचेच आकडे बघा: सगळ्या सीट वर असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटरची, किया कॅरेन्सची २१६. विमानात चेक-इन करायची मोठी बॅग साधारण शंभर लिटरची असते, म्हणजे कागदावर अशा दोन बसायला हव्यात. पण ती जागा उभट आणि चिंचोळी असते, सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत फार अंतर नसतं. बाबागाडी आडवी जात नाही, चाकं काढून उभी करावी लागते. आमची बाबागाडी आम्ही प्रत्येक शोरूममध्ये बरोबर नेली आणि डिकीत टाकून दार लावून बघितलं. लिटरच्या आकड्यापेक्षा हे बरं. अर्टिगाची तिसरी रांग मिटली की तीच डिकी ५५० लिटरची होते, एवढा फरक त्या दोन सीटमुळे पडतो.

तिसरी रांग निम्मी-निम्मी मिटते का, हे त्यासाठीच बघायचं. सात सीटच्या गाडीत सहा माणसं असतील तर मागची एक सीट मिटून तिथे सामान लावता येतं. हा सात सीटचा मोठाच फायदा आहे आणि आमचं मन बराच काळ तिकडे होतं. पण मग मधल्या रांगेत तिघं बसायला हवेत, आणि इथून पुढे सगळा घोळ सुरू होतो.

मधल्या रांगेत तीन चाइल्ड सीट शेजारी शेजारी लावायच्या म्हटलं तर रुंदीचा हिशेब साधा वाटतो. आयसोफिक्स म्हणजे चाइल्ड सीट बेल्टऐवजी गाडीतल्याच हुकांना अडकवायची पद्धत. तिच्या नव्या नियमांतली चाइल्ड सीट जास्तीत जास्त ४४ सेंटिमीटर रुंद धरली जाते. तिपटीने १३२. मोठ्या गाडीत एवढी रुंदी असते, मग बसायला काय हरकत आहे? हरकत अशी की आयसोफिक्सचे लोखंडी हुक गाडीत पक्के जोडलेले असतात. चाइल्ड सीट इंचभर बाजूला सरकवून शेजारच्याला जागा करून देता येत नाही. बहुतेक गाड्यांत हे हुक मधल्या रांगेच्या फक्त दोन कडेच्या जागांना असतात आणि मधोमध उरते ती दोन कठीण कवचांमधली फट. तिथे बसून बघा. एक खांदा इकडच्या सीटच्या खाली, एक तिकडच्या वर.

तीन सारख्या रुंदीच्या स्वतंत्र सीट आणि तिघींना आयसोफिक्स अशी रचना असलेल्या गाड्या जगात आहेत. फोक्सवॅगन टूरान तशी आहे, पूझो ५००८ची आधीची पिढी तशी होती. फियाटने १९९८ मध्ये काढलेल्या मुल्टिप्लात तर पुढे तीन आणि मागे तीन सीट होत्या. दिसायला बेडकासारखी म्हणून लोक तिला हसले, पण तीन मुलांच्या घरासाठी इतका सरळ विचार मला दुसऱ्या गाडीत दिसला नाही. अशी काही मिळत असेल आणि मुलं तीनच असतील तर तिसऱ्या रांगेच्या भानगडीत पडूच नका.

आम्हाला ती सोय नव्हती. मग कॅप्टन सीट. मधल्या रांगेत बाकाऐवजी दोन सुट्या सीट आणि त्यांच्यामध्ये जायला वाट. सीट एक कमी, पण ही वाट म्हणजे खरा जीव आहे. का ते सांगते. तिसऱ्या रांगेत शिरायला मधली सीट एका बटणावर घडी होऊन पुढे उलटते, आणि सेल्समनचा हा आवडता प्रयोग असतो. बटण दाबलं, सीट उलटली, मुलगा हसला. मी त्याला म्हटलं, "दादा, थांबा जरा," आणि धाकटीची चाइल्ड सीट त्याच सीटवर लावली. "आता उलटवून दाखवा." चाइल्ड सीट लावलेली असताना ती सीट उलटत नाही, उलटवायचीही नसते. म्हणजे मुलं बसल्यावर मागे जायला रस्ताच नाही, मागून डिकीतून रांगत जायचं. काही गाड्यांत रिकामी चाइल्ड सीट लावलेली असतानाही मधली सीट तिरकी होऊन पुढे सरकते, पण मूल आत असताना ते उपयोगाचं नाही. कॅप्टन सीटमधल्या वाटेने मी दोघांचे बेल्ट लावते आणि वाकून सरळ मागे जाते. बाक असलेलीच गाडी घ्यायची असेल तर ते ६०:४० अशा दोन भागांत मिटतं, त्यातला निदान छोटा भाग फुटपाथच्या बाजूला येतो का ते बघा, आणि त्या छोट्या भागावर चाइल्ड सीट लावूच नका.

धाकटी मागे तोंड करून बसते. सासूबाईंना ते पटत नव्हतं. "अगं, बाळाला असं उलटं काय बसवलंस? तिला आपण कुणी दिसतच नाही." मी म्हटलं, आई, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं असतं बघा, जन्माला येतं तेव्हा लांबीच्या जवळजवळ पाव भाग डोकंच असतं, आणि मान कच्ची. समोरून धडक बसली तर पुढे तोंड केलेल्या बाळाचा सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असलं की डोकं, मान, पाठ सगळं सीटच्या कवचात एकदम झेललं जातं. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात अशी पहिली सीट बनवली ती यानात पाठीवर पडून ताण झेलणारे अंतराळवीर बघून, हेही सांगितलं. ते त्यांना फार आवडलं. आता त्या येईल-जाईल त्याला नात अंतराळवीरासारखी बसते म्हणून सांगतात. चाइल्ड सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या नियमात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचंच आहे आणि त्यानंतरही जमेल तितके दिवस तसंच ठेवावं असं सगळे तज्ज्ञ सांगतात. अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली तर ती सीटच्या पाठीवर आदळते.

आणि सासूबाईंच्या तक्रारीचं उत्तर आपोआपच मिळालं. मागे तोंड करून बसलेल्या बाळाला तिसऱ्या रांगेतलं माणूस दिसतं. मधल्या सीटचं हेडरेस्ट खाली केलं की पाठीच्या वरून तिचे डोळे आणि माझे डोळे समोरासमोर येतात. रडायला लागली की वरून हात घालून थोपटता येतं. पाच सीटच्या गाडीत पुढून मान वळवून बाळाकडे बघणाऱ्या आयांना याची किंमत कळेल.

चाइल्ड सीटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच बाळांच्या सीटना पुढे एक पाय असतो, तो फरशीवर टेकतो आणि धडकेत सीट पुढे कलंडू देत नाही. काही गाड्यांत मधल्या रांगेच्या पायाखाली सामान ठेवायचे झाकणवाले कप्पे असतात. सोय मोठी छान वाटते, पण ते झाकण पोकळ. त्यावर हा पाय टेकवायला कित्येक गाड्यांच्या हँडबुकात मनाई असते, नाहीतर कप्प्यात भरायला वेगळा ठोकळा घ्यावा लागतो. फरशीवर टाचेने टकटक करून बघा, आवाज पोकळ आला तर विचारा.

थोरली बूस्टरवर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर बसते. आठ वर्षांची म्हणजे मोठी झाली असं तिला वाटतं, पण गाडीचा बेल्ट वयाकडे बघत नाही, उंचीकडे बघतो. साधारण दीड मीटर उंची होईपर्यंत तो बूस्टरशिवाय गळ्यावर आणि पोटावर येतो, यायला हवा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. तिसऱ्या रांगेत ही गोष्ट जास्तच जपावी लागते, कारण तिथला बेल्ट कधी कधी छतातून येतो आणि त्याचा कोन विचित्र पडतो. दुसरं, बकल. आम्ही बघितलेल्या एका गाडीत मागची सीट इतकी अरुंद होती की बूस्टर ठेवल्यावर बकल त्याच्याखाली गडप झालं. ते बकल मऊ पट्ट्यावर होतं, म्हणजे एका हाताने वर ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने बेल्ट खुपसायचा. थोरलीने दात-ओठ खाऊन प्रयत्न केला, शेवटी "आई, तूच लाव" म्हणाली. आमच्या गाडीत बकल ताठ दांड्यावर आहे, ती स्वतः लावते, टक आवाज आला की मला सांगते. मुलाला स्वतःचा बेल्ट स्वतः लावता येणं म्हणजे रोज सकाळी वाचणारी मिनिटं आहेत. शोरूममध्ये मूल आणि बूस्टर दोन्ही घेऊन जा.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल थोडं. तारे बघाच, पण ते कशाचे आहेत तेही बघा. एनकॅप म्हणजे गाड्या आपटून बघून तारे देणाऱ्या संस्था. युरो एनकॅपच्या धडक चाचणीत सहा आणि दहा वर्षांच्या मुलांएवढे पुतळे ठेवतात, ग्लोबल एनकॅपमध्ये दीड आणि तीन वर्षांच्या बाळांएवढे. हे पुतळे बसतात मधल्या रांगेत. माझ्या आणि थोरलीच्या जागेबद्दल ते तारे फारसं काही सांगत नाहीत. त्यामुळे पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात की मधल्या रांगेवरच संपतात, हे वेगळं विचारायचं. माझं डोकं आणि मागची काच यांत किती अंतर राहतं तेही मी हाताने मोजलं. काही छोट्या सात सीटर गाड्यांत वीतभरसुद्धा राहत नाही. त्या मी नाकारल्या.

आता सरकती दारं. यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते मी कुणाशी वाद घालून बदलणार नाही. पार्किंगमध्ये शेजारची गाडी चिकटून उभी असताना नेहमीचं दार अर्धवट उघडून, बाळ कडेवर घेऊन, कंबर वाकवून आत सीटमध्ये बसवणं ही कसरत आहे. त्यात मधल्याने आपलं दार जोरात ढकलून शेजाऱ्याच्या गाडीला ठोकलं की पुढचं सगळं आलंच. सरकतं दार मागे जातं, बाहेर येतच नाही. उंबरठा खाली, छत वर, बाळाला सरळ उभं राहून बसवता येतं. किया कार्निव्हल, टोयोटा सिएना, होंडा ओडिसी या सगळ्या गाड्यांची कीर्ती खरं तर या एका दारावर आहे. सरकत्या दाराची गाडी दिसायला डब्यासारखी असते म्हणून लोक नाकं मुरडतात. मुरडू देत.

दोष आहेत. विजेवर चालणारं दार सावकाश उघडतं आणि सगळ्यांच्या आधी मधल्याला बटण दाबायचं असतं, म्हणून आतली बटणं बंद करून ठेवावी लागतात. दाराच्या खालच्या रुळात खडे-कचरा साठतो, तो महिन्यातून एकदा ब्रशने काढला नाही तर दार अर्ध्यावर अडून परत उघडतं. इंधन भरताना टाकीचं झाकण उघडं असेल तर त्या बाजूचं दार सरकत नाही. बऱ्याच गाड्यांत असं मुद्दाम केलेलं असतं, पण पहिल्यांदा झालं तेव्हा दार बिघडलं असं वाटून आम्ही सगळे दुसऱ्या बाजूने उतरलो. गाडी लांब आहे, जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये वळवताना नवरा अजून शिव्या घालतो.

मागचा एसीही पूर्ण मार्कांचा नाही. छतावर व्हेंट दिसले म्हणजे तिथून गार हवा येते असं नसतं. काही गाड्यांत मागे फक्त पंखा असतो, तो पुढची गार झालेली हवा ओढून मागे फेकतो, वेगळं कूलिंग नसतं. आमच्याकडे वेगळं आहे, तरी उन्हात उभी असलेली गाडी मागे थंड व्हायला वेळ घेते, आणि पंख्याचं बटण सासूबाईंच्या हातात असल्याने वाटाघाटी कराव्या लागतात. मागच्या काचा उघडत नाहीत. थोरलीला आधी गाडी लागायची, तिसऱ्या रांगेत ते जास्त होतं, कारण ॲक्सलवर धक्के जास्त बसतात आणि बाहेरचं कमी दिसतं. दोन ते बारा या वयात बऱ्याच मुलांना हा त्रास असतो. मागची खिडकी मोठी आणि खाली आलेली असेल तर फरक पडतो. कडा वर चढत गेलेली, स्पोर्टी दिसणारी खिडकी मुलांच्या काही कामाची नाही. पुस्तक आणि मोबाइल मात्र तिला तरीही देत नाही.

सहाही जण आणि डिकी भरून निघताना टायरमध्ये हवा वेगळी लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या आत, खांबावर तक्ता चिकटवलेला असतो, त्यात भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरचा तर बऱ्यापैकी जास्त. नवऱ्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं. भरलेली गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. स्टेपनी बऱ्याचशा अशा गाड्यांत पोटाखाली टांगलेली असते, आमच्याही. ती काढायची कशी हे घरासमोर एकदा करून बघितलेलं बरं.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी गाडीचं हँडबुक मागून घ्या, शोरूममध्ये नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ असतं. त्यात कोणत्या सीटवर कोणती चाइल्ड सीट चालते याचा तक्ता असतो, दीड-दोन पानांचा, बारीक अक्षरांत. आमच्या गाडीच्या तक्त्यात तिसऱ्या रांगेपुढे मागे तोंड असलेल्या सीटसाठी सरळ फुली आहे आणि पाय असलेल्या कुठल्याच सीटला तिथे परवानगी नाही. सेल्समन मात्र "कुठेही लावा मॅडम, सगळीकडे बसते" म्हणत होता.